घरी विचारा आणि लिहून आणा : आयरिश शाळकरी मुलांनी जमवलेला लोकपरंपरांचा संग्रह, १९३७-३९

१९३५ साली आयरिश सरकारने लोकसाहित्य आयोग स्थापन केला, तेव्हा समोरचं काम आणि हाताशी असलेली माणसं यांचा मेळच बसत नव्हता. पूर्णवेळ संग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते खेडोपाडी फिरायचे, एडिफोन नावाचं अवजड यंत्र घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसायचे, मेणाच्या नळकांड्यांवर गोष्टी मुद्रित करायचे आणि मग त्या शब्दन् शब्द उतरवून काढायचे. उतरवून झालं की मेण तासून तीच नळकांडी पुन्हा वापरली जायची. एकेका माणसापाशी दिवसच्या दिवस जात. आणि ज्यांना जुनं काही ठाऊक होतं, ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात पोचलेली.

आयोगाचे संचालक शेमस ओ डुलर्गा यांना ही निकड स्वानुभवाने माहीत होती. १९२३ मध्ये केरी काउंटीच्या समुद्राकाठच्या एका वाडीत त्यांना शॉन ओ कोनल हा वृद्ध शेतकरी भेटला होता. शाळा न शिकलेला, पण डोक्यात कथांचं भांडार. पुढची काही वर्षं ओ डुलर्गा त्याच्याकडे जात राहिले आणि लिहून घेत राहिले. १९३१ मध्ये ओ कोनल गेला. त्याच्यापाशी कुणीतरी वेळेवर पोचलं होतं. बाकीच्या हजारो घरांत कोण पोचणार?

आयोगाने शोधलेलं उत्तर असं : त्या प्रत्येक घरात नाहीतरी एक संग्राहक राहतोच आहे. तो अकरा-बारा वर्षांचा आहे, त्याला लिहिता येतं आणि संध्याकाळी तो आजोबांच्या शेजारीच बसतो.

शिक्षण खातं आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या मदतीने १९३७ च्या सप्टेंबरात योजना सुरू झाली. वरच्या वर्गांतली, साधारण ११ ते १४ वर्षांची मुलं यात होती. आठवड्याच्या निबंधाच्या तासाला ठरावीक विषयावर निबंध लिहिण्याऐवजी मुलांनी घरी आणि शेजारीपाजारी विचारून आणलेली माहिती लिहायची, असं ठरलं. योजना आधी एका शालेय वर्षापुरती होती. पुढे मुदत वाढली आणि काही ठिकाणी काम १९३९ पर्यंत चाललं. तेव्हाच्या आयरिश राज्यातल्या २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळा आणि ५०,००० हून अधिक मुलं यात उतरली. जमलेली पानं सुमारे ७ लाख ४० हजार : त्यांतली २ लाख ८८ हजार मुलांच्या मूळ वह्यांतली आणि ४ लाख ५१ हजार शाळांनी निवडून मोठ्या वह्यांत उतरवलेली, जी पुढे बांधून घेतली गेली.

आयरिश संस्कृतीची ओळख मुलांना कशी करून द्यावी, असा प्रश्न आला की मला पहिल्यांदा हेच प्रकरण आठवतं. एरवी ही ओळख १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेपुरती असते : हिरवा कागद, तीन पानांचं शॅमरॉक, हिरव्या कोटातला लेप्रकॉन नावाचा दंतकथेतला बुटका. १९३७ मध्ये मात्र कुणी मुलांना संस्कृती शिकवली नाही. मुलांना प्रश्न दिले आणि घरी पाठवलं. माझ्या मते या योजनेचं सगळं यश त्या प्रश्नांत आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबतो.

ही प्रश्नांची पुस्तिका तयार केली आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सूलावॉन यांनी. ते मूळचे केरी काउंटीतले आणि आयोगात येण्याआधी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. लोकसाहित्याचं शास्त्रीय वर्गीकरण ते स्वीडनमध्ये शिकून आले होते. पण बारा वर्षांच्या पोराला कोणता प्रश्न झेपतो, हे ज्ञान वर्गातलं होतं. पुस्तिकेत पन्नासहून अधिक विषय होते. त्यांची नावंच पाहावीत : पुरलेला खजिना, हवामानाचे ठोकताळे, गावातले इलाज, पवित्र झरे, परीकोट, लोहारशाळा, जुन्या शाळा, गावचे बाजार, बटाट्याचं पीक, घरी केलेली खेळणी, मी खेळतो ते खेळ, जमीनदार, दुष्काळाचा काळ, पायांची निगा.

पायांची निगा! हा विषय एखाद्या विद्वानाच्या यादीत आला नसता. लोक बूट कोणत्या वयात घालू लागत? मुलं उन्हाळ्यात अनवाणी फिरतात का? पाय धुतलेल्या पाण्याचं काय करतात? या साध्या प्रश्नांतून मुलांनी काय काय आणलं! पूर्वी माणसं मोठी होईपर्यंत अनवाणी राहत. रविवारी चर्चला जाताना बूट हातात धरून चालत आणि जवळ आल्यावर घालत. आणि पाय धुतलेलं पाणी रात्री घरात ठेवायचं नाही, बाहेर फेकायचं. ते घरात राहिलं तर परी आत येऊ शकतात. गरिबी, धर्म, रस्ते आणि अदृश्याची भीती, सगळं पायांपासून सुरू होऊन एका पानात आलं.

लोणी घुसळण्याच्या विषयावर तर पुस्तिका मुलाला थेट घरातल्या लाकडी पिंपापाशी उभं करते. घरी पिंप आहे का, उंची किती, तोंड किती रुंद, बूड किती रुंद, त्यावर काही खुणा आहेत का, किती जुनं आहे? उन्हाळ्यात आठवड्यातून किती वेळा घुसळता आणि हिवाळ्यात किती वेळा? लोणी आलं हे कशावरून कळतं? आणि मग हळूच : घुसळण चालू असताना परकं माणूस घरात आलं तर ते हात लावतं का? का लावतं?

आधी माप घ्यायला लावायचं आणि मग ‘का’ विचारायचं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ‘तुमच्या गावातल्या अंधश्रद्धा लिहा’ असं विचारलं असतं, तर म्हाताऱ्या माणसांनी तोंड मिटलं असतं आणि मुलांनी कल्पनेनं काहीतरी लिहिलं असतं. इथे पोरगं दोरी घेऊन पिंप मोजतंय म्हटल्यावर आजी बोलणारच. मग कळतं की आलेल्या माणसाने दांड्याला हात लावून दोन-चार फेरे दिलेच पाहिजेत, नाहीतर तो जाताना घराचं लोणी, म्हणजे लोण्याची बरकत, सोबत नेतो. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव आणि दूध कुणाला द्यायचं नाही, कारण त्या दिवशी दिलं की वर्षभराची बरकत जाते. ज्या घराचं पोट दोन-तीन गाईंवर चालतं, तिथे ही काळजी खरीखुरी होती. हे त्या पानावर न सांगता समजतं, कारण दोन ओळी आधीच पिंपाची उंची आणि गाईंचा हिशेब आलेला असतो.

बहुतेक नोंदींखाली मुलाचं नाव, पत्ता, कुणी सांगितलं त्याचं नाव, आणि पुष्कळदा वयही. या शिस्तीमुळे तो मजकूर नुसता निबंध न राहता साक्ष झाला. शिवाय मुलं जिथे पोचली, तिथे मोठे संग्राहक सहज पोचत नव्हते. पूर्णवेळ संग्राहक बहुतेक सगळे पुरुष. त्यांना गावातले नावाजलेले कथेकरी हवे असत. मुलांनी विचारलं आईला, आजीला, शेजारच्या काकूंना. म्हणून संग्रहात चूल आहे, भाकरी आहे, विणकाम आहे, आजारपणातले घरगुती इलाज आहेत. खाजखुजलीसारख्या झुडपाची आग झाली तर कोणतं पान चोळायचं, दगडातल्या खळग्यातलं पाणी चामखिळीला कसं लावायचं, डांग्या खोकल्याला पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला अडवून इलाज विचारायचा आणि तो सांगेल ते करायचं.

सणांची पानं लहान मुलांना सगळ्यात लवकर आवडतात. १ फेब्रुवारीचा सेंट ब्रिजिडचा दिवस म्हणजे आयर्लंडमध्ये वसंताची सुरुवात. आदल्या संध्याकाळी लव्हाळं आणायचं; ते कापायचं नाही, उपटायचं, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, पाव वळसा फिरवायचं, पुढची अडकवायची. असं करत मध्ये चौकोनी वीण तयार होते आणि चार हात बाहेर पडतात. त्यांची टोकं बांधायची. तो क्रॉस दारावर किंवा आढ्याला खोचायचा, घर आगीपासून आणि आजारापासून राखतो म्हणून. पण सगळीकडे चार हातांचाच असतो असं नाही. कुठे तीन हातांचा, कुठे शंकरपाळ्याच्या आकाराचा. त्याच रात्री एक कापड बाहेर ठेवायचं. रात्रीतून ब्रिजिड त्याला स्पर्श करून जाते आणि मग ते डोकेदुखीला, आजारी गाईला उपयोगी पडतं. २०२३ पासून या दिवसानिमित्त आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मुलांना शिकवायला याहून चांगला आयरिश सण मला सुचत नाही. हातांना काम आहे आणि सामान फुकट आहे.

ऑक्टोबरअखेरची हॅलोवीनची रात्र तर जगभर गेली, पण तिचं मूळ घरगुती रूप या वह्यांत सापडतं. भोपळा नाही, टर्निप म्हणजे सलगम कोरून कंदील करायचे. मेयो काउंटीतल्या कॅसलबारजवळच्या राष्ट्रीय लोकजीवन संग्रहालयात अशा एका कोरलेल्या टर्निपची प्लास्टरची प्रतिकृती आहे. दात विचकलेला तो सुरकुतलेला चेहरा पाहिला की भोपळे फार सौम्य वाटू लागतात. बार्मब्रॅक या मनुका घातलेल्या पावात अंगठी, नाणं, चिंधी लपवायची. अंगठी मिळाली त्याचं लग्न, नाणं मिळालं तो श्रीमंत, चिंधीवाल्याच्या नशिबी गरिबी. २६ डिसेंबरला मुलं रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून काटेरी फांदीला बांधायची आणि ‘पक्ष्यांचा राजा’ असं गाणं म्हणत घरोघरी पैसे मागायची. केरीतल्या डिंगलसारख्या गावांत ही मिरवणूक आजही निघते. पेंढ्याचे पोशाख असतात, पक्षी मात्र आता मारत नाहीत.

परींबद्दल जरा सावध राहायला हवं. आयरिश परी म्हणजे पंखवाली गोड बाहुली नव्हे. जुने लोक त्यांचं नावही घ्यायचे नाहीत, ‘ती भली माणसं’ म्हणायचे, कारण त्या चिडल्या तर गाय आटते, मूल आजारी पडतं. शेतातल्या गोल मातीच्या बांधांना परीकोट म्हणत आणि तिथलं झाड तोडत नसत, तिथे नांगर घालत नसत. पुरातत्त्वज्ञांच्या मते ही वर्तुळं बहुतेक इ.स. ५०० ते १००० दरम्यानच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांची आहेत. लोकांच्या भीतीने ती हजारांच्या संख्येने वाचली. आणि ही भीती केवळ वह्यांत राहिली असंही नाही. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लटून इथे महामार्गाच्या वाटेत एक एकाकी हॉथॉर्नचं झुडूप येत होतं. कथेकरी एडी लेनिहन यांनी ते परींचं म्हणून आवाज उठवला आणि रस्ता ते झुडूप वाचवून नेण्यात आला.

दुष्काळाच्या पानांवर येताना मन जड होतं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. १९३७ मधल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा जन्म त्या नंतरचा. त्यांनी हे आईवडिलांकडून ऐकलेलं. म्हणजे मुलांच्या लेखणीपर्यंत ते तिसऱ्या तोंडून आलं, पण अंतर एका चुलीचंच. मुलं शेतांची नावं लिहितात : या कुंपणापलीकडे इतकी घरं होती, आता एकही नाही. गवत खाऊन तोंड हिरवं झालेली प्रेतं रस्त्यात सापडत, ही आठवण निरनिराळ्या गावांतून येते. डोंगरउतारांवर बटाट्याचे जुने वाफे अजून दिसतात, असंही लिहितात. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे : लोक पुष्कळदा सांगतात की आमच्याकडे फारसं नव्हतं, पलीकडच्या गावात होतं. उपासमारीची लाज, कुणाची जमीन कुणी बळकावली याची बोच, हे सगळं त्या ‘पलीकडच्या गावात’ दडलेलं आहे. बारा वर्षांच्या मुलाला ते कळलं नसेल. त्याने प्रामाणिकपणे जसं ऐकलं तसं लिहिलं, म्हणून आपल्याला कळतं.

आता या प्रकरणातल्या उणिवा. डब्लिन, कॉर्कसारख्या मोठ्या शहरांतल्या शाळांवर सक्ती नव्हती, त्यामुळे संग्रहातलं आयर्लंड जवळजवळ सगळं खेड्यातलं आहे. गल्लीतली दोरीउड्यांची गाणी, गोदीकामगारांची भाषा, यांना लोकपरंपरा मानायला वेळ लागला. डब्लिन शहरासाठी तसा खास संग्रह १९७९-८० मध्ये झाला. उत्तरेतल्या सहा काउंट्या ब्रिटिश राज्यात असल्याने बाहेर राहिल्या. ओ डुलर्गा स्वतः त्यांतल्याच अँट्रिम काउंटीचे, त्यांच्या जन्मगावच्या मुलांना ही पुस्तिका मिळाली नाही. आणि मोठ्या वहीत काय उतरवायचं हे शिक्षक ठरवत, त्यामुळे हस्ताक्षरासोबत मजकूरही कधी कधी घासूनपुसून आलेला दिसतो. म्हणून मुलांच्या मूळ वह्याही जपल्या, हे आयोगाने फार शहाणपणाचं काम केलं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘भटके लोक’ या विषयाचं. आयरिश ट्रॅव्हलर हा आयर्लंडमधला फार जुना समाज. कल्हईकाम, घोड्यांचा व्यापार, गाणी, कथा, स्वतःची बोली, सगळं त्यांच्यापाशी होतं. पण संग्रहात ते दिसतात दारात उभे असलेले, घरातल्या माणसाच्या नजरेतून. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्याविषयी विचारलं. काही पानांवर आपुलकी आहे, काहींवर संशय आणि तिरस्कार. आयरिश राज्याने ट्रॅव्हलर समाजाला स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती २०१७ मध्ये. ही पानं मुलांना वाचायला द्यायची असतील तर शेजारी ट्रॅव्हलर माणसांनी स्वतः सांगितलेलं काहीतरी ठेवावंच लागेल. नुसती जुनी नोंद दिली तर आपण तोच जुना संशय नव्या वर्गात पोचवू.

पुढे आयोगाचा सगळा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाला. त्याआधीच ‘डूखस’ या प्रकल्पाने शाळांच्या वह्यांची पानं छायाचित्रं काढून सर्वांसाठी खुली केली होती. काउंटी निवडा, शाळा निवडा, पान समोर. वह्या लिहिणाऱ्या या पिढीतले कित्येक जण पुढे कामासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले; त्यांची नातवंडं आता तिथून आजीच्या बालपणीचं हस्ताक्षर शोधतात. ते हस्ताक्षर मजकूर म्हणून उतरवण्याचं काम स्वयंसेवक करतात. त्या उपक्रमाचं नाव ‘मेहल’, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायची रीत, आपल्या इर्जिकीसारखी.

वर्गात हे वापरायचं तर दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी मी ‘घरी केलेली खेळणी’ हा विषय आधी घेईन. एल्डरच्या फांदीतला मऊ गाभा पोखरून केलेली फटफटी बंदूक, रिळाची गरगरी, डेझीच्या फुलांची माळ : हे मुलांना लगेच समजतं, आणि खेळणी विकत मिळत नसत हे निराळं सांगावं लागत नाही. मग पायांची निगा. मग ऋतूप्रमाणे ब्रिजिड किंवा हॅलोवीन. दुष्काळ सगळ्यात शेवटी, आणि तोही एखाद्या शेताच्या नावापासून. लेप्रकॉनला विरोध नाही. पुस्तिकेत तोही एक विषय होताच. फक्त त्याच्याबद्दल मुलांनी काय ऐकलं होतं ते वाचून दाखवावं : तो चांभार आहे, कुंपणाआड बुटाला ठोकत बसलेला, आणि नजर हलली की नाहीसा होणारा.

डब्लिन-कॉर्ककडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेत फेब्रुवारीत ब्रिजिडचा क्रॉस विणून आणतात. त्यांच्या पालकांना माझं सांगणं आहे की मुलाच्या शाळेजवळच्या एखाद्या गावाची १९३८ ची वही एकदा उघडून एकत्र बसून वाचा. रोज बसने ओलांडतो तो ओढा, ते पडकं चर्च, तो झरा तिथे नावानिशी भेटतो. मग तेच प्रश्न व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या नाहीतर नाशिकच्या आजीला विचारू द्या : तुला पहिली चप्पल कधी मिळाली, ताक कोण घुसळायचं, घुसळताना पाहुणा आला तर काय करायचे? उत्तराखाली आजीचं नाव, वय आणि गाव लिहायला मात्र सांगा. आयरिश वहीतली पानं वाचायला अडचण आली तर मोठं माणूस लागेल, कारण हस्ताक्षरं शाईची आणि जुन्या वळणाची आहेत; गेलटाख्ट म्हणजे आयरिशभाषक भागांतल्या वह्या तर जुन्या आयरिश लिपीत आहेत. पण बहुसंख्य पानं इंग्रजीतली आहेत, आणि उतरवायची पानं उरली असतील तर स्वयंसेवक म्हणून तुम्हीही हातभार लावू शकता. नाव नोंदवायचं, पान निवडायचं आणि जसं लिहिलंय तसं, चुकांसकट, टंकित करायचं.